नव्वदाची खाच

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात, वरच्या खणात डाव्या हाताला एक पितळी पट्टी उभी असते. तिच्यावर एक बारीक काचेची नळी बसवलेली आहे आणि नळीत चमचमता पारा आहे. तो मी. मी एक जुना उष्णतामापक आहे. तुम्ही येता-जाता माझ्याकडे बघता आणि पुढे जाता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण काल तुमच्यातल्या एका मुलीने माझ्या कडेवर बोट फिरवलं आणि विचारलं, "याला इथे उंदराने कुरतडलंय का?" तेव्हा मात्र मला राहवलं नाही. ती खाच उंदराची नाही. त्या खाचेमुळे माझी अब्रू राहिली आणि एका बाईचं घर राहिलं. म्हणून आज माझी सगळी हकीकत सांगतो. मी जरा मानी आहे, मधूनमधून स्वतःची फुशारकीही मारेन. तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म जर्मनीतला. तिथलं फारसं आठवत नाही. एक भट्टी आठवते आणि एका म्हाताऱ्या कारागिराची फुंकर आठवते. त्याने मला आधी वितळत्या बर्फात उभं केलं, मग वाफेत धरलं. दोन खुणा केल्या आणि मधल्या जागेचे शंभर सारखे भाग पाडले. पट्टीला पांढरा रंग दिला, त्यावर शून्यापासून एकशेदहापर्यंत काळे आकडे काढले. शेवटी मला उजेडाकडे धरून बघितलं आणि समाधानाने मान हलवली. त्या एका मान हलवण्याच्या जोरावर मी आयुष्यभर ताठ उभा आहे, मित्रांनो.

एकोणीसशे एकवीस साली सुताच्या रंगांच्या पिंपांबरोबर मी बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने सोलापूरला आलो. एका गिरणीच्या रंगखात्यात माझी नेमणूक झाली. काम सोपं होतं. रंगाच्या उकळत्या हौदात मला सोडायचं आणि मी सांगेन तेवढं तापलं की वाफ बंद करायची. कामगार मला 'पारा' म्हणत. पारा काय म्हणतो, पारा चढला का, असं दिवसभर चाललेलं असे. माझ्या शब्दावर मणामणाने सूत रंगत होतं. ते माझे ऐन उमेदीचे दिवस.

तिथे तिप्पण्णा नावाचा रंगारी होता. अक्कलकोटकडचा, घरी कानडी आणि बाहेर मराठी बोलणारा. त्याचे हात कोपरापर्यंत कधी लाल, कधी निळे असत. कामाला वाघ होता, पण त्याला अक्षरओळख नव्हती. एक लाल रंग फार नखरेल होता. नव्वद अंशांच्या वर गेला की काळा पडायचा. तिप्पण्णाला आकडा वाचता येत नसल्यामुळे दर वेळी मिस्त्रीला हाक मारावी लागे. एकदा मिस्त्री यायला उशीर झाला आणि सगळी लडी काळी पडली. मिस्त्री त्याला चारचौघांत नको ते बोलला. दुसऱ्या दिवशी तिप्पण्णा घरून कानस घेऊन आला. त्याने मिस्त्रीला शांतपणे विचारलं, नव्वद म्हणजे नेमकी कोणती रेघ? मिस्त्रीने रेघेवर टाचणीचं टोक ठेवून दाखवलं. आणि तिप्पण्णाने बरोब्बर त्या रेघेवर, माझ्या पितळी कडेला, कानशीने एक खाच पाडली.

मी काय संतापलो म्हणून सांगू! जर्मनीहून आलेला मी, आणि हा माणूस मला लाकडासारखा घासतोय. पण त्यानंतर जे झालं ते बघून माझा राग हळूहळू उतरला. वाफेत डोळ्यांना नीट दिसत नसे, तरी तिप्पण्णा अंगठ्याचं नख खाचेत ठेवून उभा राही. पारा नखाशी आला की वाफ बंद. त्यानंतर पाच वर्षं त्याच्या हातून एकही लडी काळी पडली नाही. मिस्त्रीची हाकही लागली नाही.

मग काळ बदलला. वाफेने तिप्पण्णाच्या छातीत खोकला भरला. तो गिरणी सोडून गेला आणि त्याने भवानी पेठेत सूत रंगवायची छोटी शेड टाकली. पुढे गिरणीत तबकडीचे नवे मापक आले. मी मिस्त्रीच्या खणात खिळ्यांबरोबर पडून राहिलो. दोन वर्षं कुणी मला विचारलं नाही. खिळ्यांशी काय बोलणार? शेवटी मिस्त्रीने खण आवरताना मला बाहेर काढलं आणि मुलींच्या एका शाळेला देऊन टाकलं. त्याचे माझ्यावर उपकारच झाले.

शाळेत विज्ञान शिकवायला रामहरी मास्तर होते. मनाने अगदी सरळ माणूस. मुलींनी विज्ञान शिकलं पाहिजे म्हणून चार लोकांची बोलणी खाल्लेला. सगळ्या शाळेत उष्णतामापक मी एकटाच, त्यामुळे मास्तर मला रुमालात गुंडाळून वर्गात आणत. दर वर्षी आमचा एक ठरलेला प्रयोग असे. पाणी किती अंशांवर उकळतं आणि कशाकशाने त्यात फरक पडतो? मुली स्टोव्हवर पातेलं ठेवत. थोडं पाणी घेऊन बघत, जास्त घेऊन बघत. स्टोव्ह मंद करून, मोठा करून बघत. मीठ घालून बघत. पाणी जास्त घेतलं तर उकळायला वेळ लागतो, पण मी थांबतो त्याच जागी. स्टोव्ह कितीही भडकवा, पाणी भराभरा आटतं, पण मी वर सरकत नाही. मीठ घातलं की मात्र मी सरकतो. पोरी चकित होऊन बघत राहायच्या. मला मोठी मजा वाटे.

पण एक दुखणं होतं. पुस्तकात लिहिलं होतं की शुद्ध पाणी शंभर अंशांवर उकळतं. आणि मी थांबायचो साडेअठ्ठ्याण्णववर. दर वर्षी, दर पातेल्यात, साडेअठ्ठ्याण्णव. मास्तर हसून म्हणत की गिरणीतून आलेला आहे बिचारा, वय झालंय, दीड अंश मागे पडतो, तुम्ही आपले शंभर लिहा. मुली शंभर लिहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं होई. उभ्या आयुष्यात मी एक अंशही खोटं बोललो नव्हतो आणि इथे दर वर्षी भरवर्गात मला दीड अंशाने खोटं ठरवत होते. बोलायची सोय नव्हती.

एकोणीसशे एकतीस साली मात्र एका मुलीने वहीत साडेअठ्ठ्याण्णव लिहिलं. तिचं नाव चंद्रव्वा. भवानी पेठेतली, तेरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या आणि कपाळावर विभूती. मास्तरांनी लाल शाईने आकडा खोडून वर शंभर लिहिलं. तिने विचारलं, "मास्तर, दिसलं ते लिहायचं का पुस्तकातलं?" मास्तर म्हणाले की मापक बिघडला असेल तर पुस्तकातलंच लिहायचं. पण तिने तो खोडलेला आकडा पुसून टाकला नाही. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात तिचा झालो.

आता बजाबाईची गोष्ट सांगतो. बजाबाई शाळेची झाडलोट करायची, पाणी भरायची, घंटा द्यायची. मूळची वळसंगची. नवरा गेला, पाठीमागे कुणी उरलं नाही. शाळेच्या मागची एक खोली तिला राहायला दिली होती. तेवढंच तिचं घर. माझ्यावर तिचा फार जीव. खंडोबा, बिरोबा, तसा मी तिचा 'पारोबा'. कपाट पुसताना माझ्याशी बोलायची. एकदा म्हणाली, "आमच्या गावचा मांत्रिक ताप हाय का बगाया तासभर घुमतुया. आन् तू नुसता हुबा राहून सांगतुयास." आता सांगा, अशा माणसावर कोण जीव टाकणार नाही?

एकोणीसशे बत्तीसची खंडेनवमी आली. तुम्हाला माहीत आहे, त्या दिवशी आपली हत्यारं-अवजारं घासूनपुसून त्यांची पूजा करतात. शाळेतही प्रयोगशाळेतल्या सगळ्या वस्तू टेबलावर मांडून पूजा होई. आदल्या दिवशी सकाळीच बजाबाईने सगळं घासायला काढलं. समई घासली, तांब्याची पातेली घासली, तराजूची पारडी घासली. मग तिने मला हातात घेतलं. माझी पट्टी वरून पांढरी आणि कडेला काळवंडलेली. तिला वाटलं, पारोबाच्या अंगावर गिरणीतला मळ साचलाय. बाईने चिंच भिजवली, राख घेतली, काथ्या घेतला आणि मला असं घासलं की बस. काचेच्या नळीला मात्र तिने अगदी बाळाला न्हाऊ घालावं तसं जपलं. पण पट्टीवरचा पांढरा रंग गेला. त्याच्याबरोबर सगळे काळे आकडे गेले, रेघा गेल्या. शून्यापासून एकशेदहापर्यंतचं माझं सगळं ज्ञान मोरीतून वाहून गेलं. मी सोन्यासारखा झळकत होतो आणि ठार आंधळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी तिने मला टेबलाच्या मधोमध ठेवलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि मास्तरांना कौतुकाने म्हणाली की बघा, पारोबा कसा नव्यासारखा झालाय. मास्तरांनी मला उचललं. एकदा पुढून बघितलं, एकदा मागून बघितलं आणि खुर्चीवर बसले. बजाबाईला काही कळेना. मग चंद्रव्वाने तिला हळूच बाजूला नेऊन सांगितलं. बजाबाईने दोन्ही हात तोंडावर धरले आणि तशीच भिंतीला टेकून खाली बसली.

शाळेच्या मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या दुष्ट नव्हत्या, पण शाळेची जबाबदारी त्यांच्या डोक्यावर होती. मार्गशीर्षात इन्स्पेक्टर साहेबांची तपासणी व्हायची होती. विज्ञानाचा वर्ग पुढे चालू ठेवायचा की नाही हे साहेब ठरवणार, आणि हा उकळण्याचा प्रयोगच त्यांना दाखवायचा होता. मोठ्या बाईंनी बजाबाईला बोलावलं. तपासणीपर्यंत मापक दुरुस्त झाला तर ठीक, नाही तर तुम्ही दुसरीकडे काम बघा, खोली मोकळी करा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बजाबाई बाहेर आली. कपाटाजवळ येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. मित्रांनो, मला हात असते तर मी तिचे डोळे पुसले असते. तिने मला घासलं ते मायेने घासलं होतं.

मास्तर मात्र खचले नाहीत. ते म्हणाले की आकडे गेले, पण पारा आहे, नळी आहे. बर्फात शून्य आणि उकळत्या पाण्यात शंभर, अशा दोन खुणा केल्या की मधले भाग आपणच पाडू. दिवाळीची सुट्टी संपल्यावर चंद्रव्वा आणि बजाबाई स्टेशनवरच्या बर्फवाल्याकडे गेल्या आणि भुशात गुंडाळलेला बर्फ पोत्यातून घेऊन आल्या. मला ठेचलेल्या बर्फात उभं केलं. किती वर्षांनी तो गारवा! मला तो जर्मन म्हातारा आठवला. पारा थांबला तिथे मास्तरांनी चाकूच्या टोकाने बारीक खूण केली. मग उकळत्या पाण्यात दुसरी खूण. मधे शंभर भाग पाडले, पांढरा रंग दिला आणि मास्तरांनी बारीक कुंचल्याने आकडे काढले. चार दिवस त्यांची मान वाकलेली होती. बजाबाई शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन बसून असायची.

काम झालं. मला पुन्हा डोळे आले. आणि आता पाणी उकळलं की मी बरोब्बर शंभरवर थांबायला लागलो. मास्तर खूश, मोठ्या बाई खूश. बजाबाईने तर माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. एकटा मी खूश नव्हतो. माझे आताचे डोळे माझे नव्हते. अंगाच्या मापाचा नसलेला सदरा घातल्यासारखं मला अवघडत होतं. प्रत्येक अंश जरासा आखूड झाला होता. पण विचार केला, जाऊ दे. बजाबाईची खोली राहतेय ना, मग आपण खोटं नाव घेऊन जगू.

तपासणीला चार दिवस राहिले होते. साहेबांसमोर प्रयोगासाठी मोठं तांब्याचं पातेलं हवं होतं. चंद्रव्वा म्हणाली की माझ्या अप्पांच्या शेडमध्ये आहे. दुपारी तिचे वडील डोक्यावर पातेलं घेऊन दारात उभे राहिले. हात कोपरापर्यंत निळे. मी बघितलं आणि नळीतल्या नळीत माझा पारा थरारला. तो तिप्पण्णा होता. केस पिकले होते, खोकला वाढला होता, पण तोच.

त्याने पातेलं खाली ठेवलं. टेबलावर मी होतो. तो मास्तरांना भीत भीत म्हणाला, हात लावू का? मास्तरांनी मान हलवली. त्याने मला उचललं, आकड्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. अंगठ्याचं नख माझ्या कडेवरून खालून वर नेलं आणि खाचेत अडकवलं.

"ही खाच माझी हाय, मास्तर," तो म्हणाला. "नव्वदची."

मग त्याने लाल रंगाची, मिस्त्रीच्या टाचणीची, कानशीची सगळी हकीकत सांगितली. मास्तर कौतुकाने ऐकत होते. चंद्रव्वा ऐकता ऐकता माझ्यावर वाकली. वडिलांच्या नखापाशी, मास्तरांच्या नव्या आकड्यांत, नव्वद नव्हतं. एक्क्याण्णवच्याही थोडं वर होतं. तिने दोनदा बघितलं. वडील गेल्यावर कपाटामागे उभी राहून तिने बजाबाईला सांगितलं. तोवर मला कपाटात ठेवलं होतं, मी सगळं ऐकलं.

ती म्हणाली की अप्पांची खाच जुन्या आकड्यांवर पाडलेली आहे. ती नव्वद असेल तर मास्तरांचे नवे आकडे चुकले. आणि जुन्या आकड्यांवर पाणी साडेअठ्ठ्याण्णवला उकळत होतं, तेच खरं असलं पाहिजे. पण आता हे बोललं तर मापक पुन्हा बिघडलेला ठरणार, दिवस चार उरलेत, आणि मावशी, तुझी खोली जाईल. एवढं बोलून ती पोर रडायला लागली. ती गप्प राहिली असती तर सगळ्यांचं भलं होतं. कुणाला काही कळलंही नसतं.

बजाबाईने कितीतरी वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. मग म्हणाली, "खरं व्हतं ते म्या घासून टाकलं. आता त्येच्या अंगावर खोटं नगं. खोलीचं काय हाय, झोपाया कुटंबी जागा मिळंल. तू जा, सांग मास्तरास्नी."

मित्रांनो, मी उकळत्या पाण्यात शेकडो वेळा बुडालो आहे. पण त्या वाक्याने मला जेवढं आतून हलवलं, तेवढं कशानेच नाही.

चंद्रव्वा गेली. बरोबर तिने गेल्या वर्षीची वही नेली, लाल शाईने खोडलेली. मास्तर आधी चिडले. एका रंगाऱ्याच्या खाचेवरून पुस्तक खोटं ठरवायचं का, म्हणाले. चंद्रव्वा म्हणाली की पुस्तक खोटं आहे असं मी म्हणत नाही. मग तिने एक साधा प्रश्न विचारला. बर्फ आणायला स्टेशनवर गेलो होतो, तिथल्या पाटीवर गावाच्या नावाखाली फुटांचा आकडा आहे, दीड हजाराच्या आसपास. हमालाने सांगितलं की समुद्रापासून गाव तितकं उंच आहे. मग मास्तर, पुस्तकातलं पाणी कुठे उकळलेलं आहे, समुद्राकाठी की इथे?

मास्तर उठले. कपाटातून त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतलं जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. पानं उलटत एका जागी थांबले. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे पाणी लवकर उकळतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. दर हजार फुटांना साधारण एक अंश, असं त्या पानावर लिहिलेलं होतं आणि त्यांनीच कधीकाळी खाली रेघ मारली होती. पण मास्तरांच्या मते उंची म्हणजे महाबळेश्वर, उंची म्हणजे हिमालय. आपलं सोलापूर भाकरीसारखं सपाट. चढ नाही, डोंगर नाही. सपाट गावसुद्धा उंचावर असू शकतं हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. हजाराला एक, दीड हजाराला दीड. शंभरातून दीड वजा करायला मास्तरांना कितीसा वेळ लागणार? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग लाल शाईची दौत उघडली, चंद्रव्वाच्या वहीतलं स्वतःचं शंभर खोडलं आणि तिच्या आकड्याखाली सही केली. आयुष्यात मला एवढा मान कधी मिळाला नव्हता.

मग ते बाहेर आले आणि बजाबाईला म्हणाले, "बजाबाई, राख आणि चिंच आणा. हे आकडे घासून काढायचे आहेत."

बजाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. मास्तरांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा तिने मला घेतलं आणि मोरीवर बसून दुसऱ्यांदा घासलं. या वेळी मी ते अंघोळीसारखं सुखाने करून घेतलं. बर्फाची खूण खरी होती, ती चाकूने कोरलेली तशीच राहिली. तिथून खाचेपर्यंत नव्वद भाग पाडले आणि त्याच मापाने पुढे एकशेदहापर्यंत गेले. तीन दिवस मास्तर आणि चंद्रव्वा यांनी मान वर केली नाही. तपासणीच्या सकाळी रंग जेमतेम वाळला होता.

साहेब आले. जाड भुवयांचे, कमी बोलणारे. तांब्याच्या पातेल्यात पाणी खळखळलं, चंद्रव्वाने मला आत धरलं आणि वाचलं, साडेअठ्ठ्याण्णव. साहेबांच्या भुवया वर गेल्या. मापकात दोष दिसतो, ते म्हणाले. मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. दाराशी बजाबाई उभी होती, तिने डोळे मिटले. खोलीतलं तिचं गाठोडं तिने सकाळीच बांधून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

चंद्रव्वा पुढे झाली. तिने पाणी वाढवून दाखवलं, स्टोव्ह मोठा करून दाखवला, दोन्ही वेळा मी जागचा हललो नाही. तिने मीठ घातलं, मी वर सरकलो. मग ती म्हणाली की साहेब, आणखी एका गोष्टीने फरक पडतो, पण ती या खोलीत दाखवता येत नाही, त्यासाठी स्टेशनवरची पाटी वाचावी लागते. आणि तिने सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं की मापकाचे अंश बरोबर आहेत हे कशावरून? तिने त्यांचं बोट धरून खाचेवर ठेवलं आणि सांगितलं की माझ्या वडिलांना वाचता येत नाही, म्हणून.

साहेबांनी खाचेवरून बोट फिरवलं. मग गालातल्या गालात हसले. म्हणाले की महाबळेश्वरला बदली असताना डाळ कच्ची राहते म्हणून मी दोन स्वयंपाकी काढून टाकले. आज कळतंय, त्यांची काहीच चूक नव्हती. त्यांनी शेरेबुकात काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही, पण मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि विज्ञानाचा वर्ग चालू राहिला.

साहेब गेल्यावर मोठ्या बाई मागच्या खोलीशी गेल्या. दारातलं गाठोडं त्यांनी बघितलं. येताना हातात प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली होती. ती बजाबाईच्या हातावर ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "हे कपाट यापुढे तुमच्याकडे." बजाबाईने किल्ली कनवटीला लावली. ती पुढे सहा वर्षं तिथेच होती. गेल्या पौषात बजाबाई गेली, त्याच खोलीत, स्वतःच्या अंथरुणावर. शेवटपर्यंत दर खंडेनवमीला ती मला कोरड्या मऊ फडक्याने पुसायची आणि फूल माझ्यावर न वाहता माझ्या शेजारी ठेवायची.

चंद्रव्वा आता बार्शीच्या शाळेत शिकवते. रामहरी मास्तर निवृत्त झाले. तिप्पण्णाची शेड चालू आहे, असं ऐकतो. आणि मी इथे आहे. कधी कधी वाटतं, किती माणसांचं देणं आहे माझ्यावर. कानस चालवणाऱ्याचं, वही न पुसणाऱ्या मुलीचं, स्वतःची चूक स्वतःच्या सहीने कबूल करणाऱ्या मास्तरांचं. आणि घर जात असताना मला खोटं होऊ न देणाऱ्या बाईचं. ते देणं मला फिटणार नाही, फिटावं असंही वाटत नाही.

मुलांनो, माझी एकच विनंती आहे. मला राख लावू नका, उकळत्या पाण्यातून काढून लगेच थंड पाण्यात बुडवू नका आणि मला पातेल्याच्या तळाला टेकवू नका. एवढं सांभाळलंत तर मी तुमच्या मुलांनाही प्रयोग दाखवीन. उद्या तुमचा वर्ग आहे. पाणी खळखळेल, तुम्ही माझ्यावर वाकाल आणि मी साडेअठ्ठ्याण्णववर थांबेन. पुस्तकात शंभर लिहिलेलं असेल. तेव्हा घाईने वहीत शंभर लिहू नका. आधी अंगठ्याचं नख माझ्या कडेवरून हळूच वर न्या. खाच लागेल. मग जे दिसतंय ते लिहा.